एक आठवडा संध्याकाळचा रेडिओ : खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२३, रविवार

वाचनालयाच्या बैठकीत ठरलं : ५ ते ११ फेब्रुवारी असा एक आठवडा, रोज संध्याकाळी ७ ते ८:३०, जुन्या काळचा रेडिओ लावायचा. गावाने एकत्र बसून ऐकायचा.

पोरांचं म्हणणं होतं की जुनी रेकॉर्डिंग उतरवून घेऊ आणि एका स्पीकरवर लावू, एका दिवसात काम होईल. त्यावर बराच वाद झाला. त्या काळी मुंबई केंद्रावरून जे ऐकू यायचं, त्यात ग्रामोफोनच्या तबकड्या सोडल्या तर बहुतेक सगळं थेट असायचं. गाणारा स्टुडिओत बसून गायचा, तेव्हाच ते गावोगाव ऐकू यायचं, आणि संपलं की संपलं. ते पुन्हा उभं करायचं तर माणसांनीच गायला आणि बोलायला हवं. म्हणून नियम केला : तबकडी सोडून काहीही आधी मुद्रित केलेलं वाजवायचं नाही. पुढची सगळी मेहनत या एका नियमापायी झाली, आणि माझ्या मते तो नियम नसता तर हे करण्यात अर्थ नव्हता.

कोणता काळ घ्यायचा? पहिली सूचना १९२७ ची होती. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. पण प्रक्षेपक (आवाज हवेत सोडणारं यंत्र) दीड किलोवॅटचा, आणि मुंबई आमच्यापासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर. त्या वर्षअखेर सगळ्या देशात रेडिओ ठेवायचे परवाने साडेतीन हजारांच्या घरात. कंपनी १ मार्च १९३० ला बुडीत निघाली, १ एप्रिलपासून सरकारने कारभार घेतला, आणि ८ जून १९३६ ला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. आमच्या भागाला मुंबई नीट ऐकू येण्याची सोय झाली ती ४ फेब्रुवारी १९३८ ला, दहा किलोवॅटचा, दूरवर पोचणारा लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपक सुरू झाल्यावर. म्हणून १९३८ चा फेब्रुवारी धरला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, मुंबईचं केंद्र म्हणजे आपलंच केंद्र. धारवाड केंद्र यायला १९५० उजाडायचं होतं.

१० डिसेंबर

रेडिओ संच मिळाला. बेळगावच्या शहापुरातल्या एका घरी माळ्यावर पडून होता. पाच व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या), लाकडी पेटीचा. चाळिशीच्या अखेरचा आहे, म्हणजे आमच्या आठवड्यापेक्षा दहा-एक वर्षांनी लहान. अडतीसचा चालू संच शोधत बसलो असतो तर पावसाळा आला असता. किंमत ५,५०० रुपये. मागच्या बाजूला ग्रामोफोनची तार जोडायची दोन भोकं आहेत का, हे बघूनच घेतला. सगळी योजना त्या दोन भोकांवर आहे.

कारण असं : आपला आवाज हवेत सोडून संचावर पकडायचा तर प्रक्षेपक लागतो, आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. शेजारच्या खोलीतून तार आणून त्या भोकांत दिली की आवाज त्याच संचाच्या व्हॉल्व्हमधून आणि त्याच्याच कर्ण्यातून येतो. कायद्याची अडचण नाही.

घरमालकीणबाईंनी संचाबरोबर रेडिओ परवान्याचं जुनं पुस्तक दिलं. पोस्टात वर्षाची फी भरायची आणि पुस्तकात तिकीट डकवून घ्यायचं. आमच्या अडतीस सालात ही फी वर्षाला १० रुपये होती. पुस्तक काचेखाली मांडणार आहोत.

१६ डिसेंबर

दुरुस्ती तात्यांकडे. तात्यांनी पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलंय. त्यांनी पहिल्यांदा वायर कापून ठेवली, कुणी हौसेने प्लग लावू नये म्हणून. पंचवीस-तीस वर्षं बंद असलेला संच थेट विजेला लावायचा नसतो. साठ वॉटचा जुना, तारेचा बल्ब ओळीत जोडून मगच चालू करायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि संच वाचतो. आमचा बल्ब भगभगला.

फिल्टरचे कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारे भाग) गेले होते, बदलले. मग तात्यांनी मला मीटर धरायला लावला : ईएल ४१ या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आतल्या जाळीवर) शून्य हवं तिथे अकरा व्होल्ट. आधीच्या टप्प्यातून येणारा कागदी कंडेन्सर गळत होता. वरून मेण लावलेला, अगदी नवा दिसणारा. तात्या म्हणाले, “दिसण्यावर जाऊ नको गा. कागदी असेल तर काढ.” सगळे कागदी कंडेन्सर काढून ६३० व्होल्टचे नवे लावले. खर्च ६२० रुपये.

हा एक कंडेन्सर तसाच ठेवून संच चालवला तर व्हॉल्व्ह तापून जातो आणि जाताना कर्ण्याला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. आमच्या संचात हे आधीच कधीतरी घडून गेलेलं होतं : ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (पहिली गुंडाळी) तुटलेली, व्हॉल्व्ह थकलेला.

२४ डिसेंबर

ट्रान्सफॉर्मरने पूर्ण आठवडा खाल्ला. मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानातून नवीन गुंडाळून आणला, ८५० रुपये. तारेचा नंबर बरोबर, वेढे बरोबर, आणि आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, जरा वाढवला की फाटणारा. तात्यांनी दुसऱ्या दिवशी तो उकलला. गुंडाळणाऱ्याने गाभ्याच्या पत्र्या एक उलटी एक सुलटी अशा विणल्या होत्या. विजेच्या साध्या ट्रान्सफॉर्मरला तेच बरोबर. पण रेडिओच्या या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी (एकाच दिशेची वीज) सतत वाहतो, गाभा भरून जातो आणि आवाज चेपतो. इथे ‘ई’ आकाराच्या पत्र्या सगळ्या एका बाजूला, ‘आय’ आकाराच्या सगळ्या दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागदाची एक पट्टी हवी. वहीचं पान कापून घातलं. त्याच तारेवर, त्याच पत्र्यांवर आवाज मोकळा झाला. कुणी गुंडाळून घेणार असाल तर दुकानदाराला हे आधीच चित्र काढून द्या.

ईएल ४१ पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात मिळाला, १,६०० रुपये.

रात्री एरियल म्हणून खिडकीतून वायर सोडली. संचाच्या डायलवर लहरींचे आकडे मीटरमध्ये आहेत, त्यामुळे ७६५ किलोहर्ट्झचं धारवाड ३९२ मीटरच्या खुणेजवळ शोधावं लागलं.

“काय वो तात्या, लागतंय काय?”

“लागतंय की! पण ते घुर्रघुर्र तुमच्या दिव्यांचं हाय.”

खरंच होतं. हॉलमधले एलईडी आणि मोबाइलचे चार्जर बंद केल्यावर खरखर निम्म्याहून कमी झाली.

३१ डिसेंबर

‘इंडियन लिसनर’ या ऑल इंडिया रेडिओच्या कार्यक्रम-पाक्षिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. या आठवड्यात तेच वाचलं. कोणत्याही एका आठवड्याची हुबेहूब नक्कल करायची नाही, असं ठरवलं. त्या वेळची संहिता हाती नाही, आणि त्या गायकांची नावं घेऊन आम्ही गाणं बरं नव्हे. सांगाडा मात्र तोच : गाणं, छोटं भाषण, तबकड्या, पुन्हा गाणं, एखाद्या दिवशी नाटिका.

वेळेची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. मुंबई शहर १९५५ पर्यंत स्वतःची ‘मुंबई वेळ’ पाळत होतं, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. शिवाय १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे देशाची घड्याळं एक तास पुढे होती. जुन्या आठवणींत ‘सातचा कार्यक्रम’ असं कुणी लिहिलं असेल, तर ते सात कुठल्या घड्याळाचे हे आधी पाहायचं. त्या बेचाळीसच्या सातला सूर्य आजच्या सहाच्या जागी असायचा.

७ जानेवारी २०२४

स्टुडिओ. पुस्तकं बांधायची मागची खोली रिकामी केली. भिंतींवर आवाज इतका आदळतो की साधं वाक्यही विहिरीतून बोलल्यासारखं येत होतं. पोरांनी अंड्यांचे ट्रे लावले. काही उपयोग झाला नाही, दिवस गेला, आणि ते काढताना भिंतीचा रंगही निघाला. मग घरोघरच्या वाकळा आणि घोंगड्या मागवल्या आणि दोऱ्या बांधून भिंतीपासून वीतभर सोडून टांगल्या. भिंतीला चिकटवल्या तर फारसा फरक पडत नाही, मधे पोकळी हवी. धनगरी घोंगडी सगळ्यात चांगली, जाड आणि जड. रेडिओच्या सुरुवातीच्या काळातल्या स्टुडिओंतही भिंतींवर जाड पडदे असायचे.

एकच मायक्रोफोन. गवई पुढे, तबला मागे आणि बाजूला, तंबोरा जवळ. आवाज कमी-जास्त करायला बटण वापरायचं नाही, माणूस पुढे-मागे सरकवायचा. जमिनीवर खडूने खुणा केल्या.

१४ जानेवारी

मायक्रोफोनच्या मिक्सरची तार संचाच्या भोकांत घातली की घुंऽऽ असा आवाज. दोन्हीकडचं अर्थिंग जुळल्यामुळे. मधे ७०० रुपयांचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला, घुंकार गेला. ज्यांच्याकडे एसी-डीसी दोन्हीवर चालणारा जुना संच असेल त्यांनी हे वाचून थांबावं : त्या संचाचा पत्रा थेट विजेला जोडलेला असतो. त्याला बाहेरची तार लावायची नाही. जाणकाराकडून विजेच्या बाजूला वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घेतल्याशिवाय तर नाहीच.

२१ जानेवारी

हक्कांचा प्रश्न. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे आमच्याकडच्या लाखेच्या तबकड्या मोकळ्या आहेत. कवी आणि संगीतकारांचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे जुनं भावगीतसुद्धा अजून हक्कात असू शकतं. हौशी मंडळाने तिकीट न लावता सादर केलं तर कायद्यात सूट आहे. तरीही आम्ही जास्त करून अभंग, पदं आणि रागदारीच धरली.

पेटीवाले काका आज रुसून बसले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं की रेडिओवर पेटीला (हार्मोनियमला) बंदी होती. बंदी होती हे खरं, पण ती १ मार्च १९४० पासून, आणि पुढे सत्तरच्या दशकात सैल झाली. आमचा आठवडा अडतीसचा, म्हणजे पेटी हक्काची. ज्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली, तिथे पेटीशिवायचा रेडिओ लावणं आम्हालाही पटलं नसतं. पण त्यावरून एक कल्पना निघाली : शुक्रवारी मुद्दाम १९४० नंतरची संध्याकाळ करायची. पेटी नाही, साथीला सारंगी. सारंगिया मिळाला नाही. मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी आणली आणि काकांचा पुतण्या व्हायोलिन वाजवतो, त्याला बसवलं.

२८ जानेवारी

रंगीत तालीम. मधेच वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण त्याची लहर चौकोनी, संच नुसता गुरगुरत राहिला. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर आठवड्यासाठी भाड्याने ठरवला, २,१०० रुपये.

५ फेब्रुवारी, सोमवार

सुरुवात. संच सात वाजायच्या आधी लावला. डायलचा पिवळा दिवा पेटला, आवाज नाही. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. हॉलमध्ये कुणीतरी “बिघडलाय” म्हणेपर्यंत तंबोरा ऐकू यायला लागला.

पहिली वीस मिनिटं फार अवघड गेली. लोक उठून मागच्या खोलीच्या दारात जमू लागले, कोण गातंय ते बघायला. गाणाऱ्या अक्कांचं लक्ष विचलित झालं, बाहेरचं कुजबुजणं मायक्रोफोनमध्ये. तबकडी सुरू असताना दार लावून आतून कडी घातली आणि दाराबाहेर लाल बल्ब लावला. मग लोक संचाकडे तोंड करून बसले. अक्कांचा नवराही तिथेच होता. घरात रोज ऐकलेला आवाज त्या लाकडी पेटीतून आला तेव्हा तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

६ फेब्रुवारी

भाषण : पंडित कुमार गंधर्व. जन्मशताब्दीचं वर्ष. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ चा जन्म. म्हणजे आमच्या आठवड्यात ते मुंबईत गायनगुरू देवधर मास्तरांकडे शिकणारे तेरा वर्षांचे होते. भाषणाची संहिता पूर्ण लिहून घेतली होती. मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द, त्याहून जास्त लिहिलं की वक्ता धावतो. आजचा वक्ता धावला, कारण शेवटच्या क्षणी दोन परिच्छेद वाढवले गेले. कागद आदल्या दिवशी बंद करायचा.

७ फेब्रुवारी

कानडी संध्याकाळ. मुंबई केंद्र मराठी-गुजरातीबरोबर कानडीतही बोलायचं, ते सोडून हा आठवडा खोटा झाला असता. शाळेचे मास्तर बसवण्णांची वचनं आणि पुरंदरदासांची पदं गायले. निवेदन आधी कानडीत, मग मराठीत असं ठरवलं होतं, पण मास्तर म्हणाले, “दोनदा कशाला? इथं बसलेल्यांत न कळणारा कोण हाय?” ते बरोबर होतं. निवेदन कानडीतच केलं. आठवड्यातली सगळ्यात स्वच्छ संध्याकाळ ही. मास्तरांना प्रार्थनेचा माइक रोजचाच, अंतर कसं राखायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

८ फेब्रुवारी

तबकड्या. किल्लीचा ग्रामोफोन निपाणीहून उसना. हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव, दीनानाथ. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची, दर बाजूला नवी पोलादी पिन. पिन वाचवली की तबकडी झिजते, तिथे कंजुषी नको. मायक्रोफोन ग्रामोफोनच्या टेबलावर ठेवला तर स्प्रिंगची घरघर येते. तो वेगळ्या स्टँडवर, खाली घोंगडीची घडी घालून ठेवला.

९ फेब्रुवारी

पेटीशिवायची संध्याकाळ. पहिल्या रागाला गायिका सुराला चाचपडत होती, व्हायोलिन तिच्या मागे अर्धा श्वास उशिरा. दुसऱ्या गाण्यापासून तिने तंबोऱ्याला कान लावला, आणि आवाज जो उघडा लागला तो आठवडाभरात दुसरा कुणाचा तसा लागला नाही. पेटीवाले काका पहिल्या रांगेत होते. नंतर म्हणाले, “गाणं चांगलं झालं. तरी पेटी पाहिजेच.” मला दोन्ही पटलं.

१० फेब्रुवारी

बाजारभाव आणि बातम्या. खोट्या बातम्या रचायच्या नाहीत म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींतून वाचल्या, कुठल्या तारखेचा अंक ते सांगून. वीज गेली, इन्व्हर्टरने निभावलं, संच क्षणभर मंदावला एवढंच.

वाड्यातल्या आजी कार्यक्रम संपल्यावर म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी आवाज यायचा-जायचा, लाटेसारखा, आणि गेला की सगळे पुढे वाकायचे. पोरांनी लगेच बटण फिरवून तसं करू म्हटलं. नाही केलं. दूरवरून आवाज येताना तो आपोआप चढायचा-उतरायचा. आपण हाताने केलं तर गाणाऱ्याचा सूर मारला जातो.

११ फेब्रुवारी

श्रुतिका. १९३८ सालचं लोंढा जंक्शन, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची रात्रीची गाडी, पलीकडे पोर्तुगिजांचा गोवा, आणि गाडी चुकलेली तीन माणसं. संहिता आमचीच. वाफेचं इंजिन : दोन लाकडी ठोकळ्यांना पॉलिश पेपर लावून एकमेकांवर घासायचे, संथ सुरुवात करून वेग वाढवायचा. पाऊस : सुपात जोंधळे, पण मायक्रोफोनपासून हातभर लांब, नाहीतर तो पाऊस न वाटता जोंधळेच वाटतात. कागद उलटण्याचा आवाज फार येत होता. संहितेची पानं सुटी करून, वाचून झालेलं पान पायाशी घोंगडीवर सोडायचं, असं केलं.

शेवटच्या प्रसंगात स्टेशनमास्तरचं काम करणारा पोरगा त्याची ओळ विसरला. आत सगळे एकमेकांकडे बघतायत, बाहेर फक्त पाऊस. हमालाचं काम करणाऱ्याने स्वतःच विचारलं, “मास्तर, गाडीचं काय?” आणि पुढे चालू झालं. हॉलमध्ये कुणाला कळलं नाही. आधी मुद्रित केलेलं लावलं असतं तर हा क्षण आलाच नसता.

१८ फेब्रुवारी

हिशेब. संच ५,५००, व्हॉल्व्ह १,६००, कंडेन्सर वगैरे ६२०, आउटपुट ट्रान्सफॉर्मर ८५०, ऑडिओ ट्रान्सफॉर्मर ७००, पिना ३००, इन्व्हर्टर भाडं २,१००, चहा-पोहे २,४००, पत्रिका १,२००, प्रवास १,१५०. एकूण १६,४२० रुपये. मायक्रोफोन, मिक्सर, ग्रामोफोन, तंबोरे उसने. मानधन कुणी घेतलं नाही. पुढे करणाऱ्यांनी निदान साथीदारांना द्यावं, त्यांचे दिवस सगळ्यात जास्त जातात.

वेळ सगळ्यात जास्त गेला तो ट्रान्सफॉर्मर आणि स्टुडिओच्या भिंतींवर. संहितांना त्यामानाने कमी मिळाला, तिथे आणखी दोन आठवडे हवे होते.

संच आणि घोंगड्या आता उचगावच्या मंडळींनी मागितल्या आहेत. नेताना व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळायचे, कुठला कुठे बसतो ते पेटीच्या आत पेन्सिलने लिहिलंय. संचाच्या मागच्या फळीला हात लावण्याआधी प्लग काढून कंडेन्सर रेझिस्टरने रिकामे करायचे. संच बंद केल्यावरही त्यांत दोनशेवर व्होल्ट राहतात.